रोजचे पाच सेंट
अमेरिकेतील ‘मॅनेज्ड केअर’ची शंभर वर्षांची कहाणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील जंगलांत हिवाळाभर लाकूडतोड चाले. गुडघाभर बर्फात कुऱ्हाडी-करवती घेऊन राबणारे हे मजूर बहुधा एकटे, घरदार दूर ठेवून आलेले. कुऱ्हाड पायावर बसली, ओंडका अंगावर घसरला, की त्यांना विचारणारे कोणी नसे. सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ या गावी बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी १८८८ साली सेंट मेरीज हे इस्पितळ उघडले होते. जंगलातला जखमी माणूस इस्पितळात पोचतो तेव्हा त्याच्या खिशात दमडी नसते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. तेव्हा धर्मभगिनी स्वतःच लाकूडतोड्यांच्या छावण्यांत जाऊ लागल्या व इस्पितळाची तिकिटे विकू लागल्या. तिकिटाची किंमत काही डॉलर. ते ज्याच्यापाशी असेल त्याची वर्षभरात आजारपणात वा अपघातात इस्पितळात शुश्रूषा होई. सिस्टर अमाता नावाच्या एका भगिनी तर छावण्याछावण्यांतून तिकिटे विकत हिंडण्याबद्दल त्या मुलखात प्रसिद्ध होत्या.

आजार येण्याआधी, हातात चार पैसे असताना, सर्वांनी थोडे थोडे भरावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून सांभाळावे, एवढीच त्या तिकिटामागची कल्पना होती. पुढच्या शंभर वर्षांत हीच कल्पना वाढत वाढत कोट्यवधी लोकांना कवेत घेणारी एक प्रचंड व्यवस्था बनली. तिला ‘मॅनेज्ड केअर’ म्हणतात. आपण तिला व्यवस्थापित आरोग्यसेवा म्हणू. ज्या कल्पनेचा जन्म दुसऱ्याचे दुःख वाटून घेण्यासाठी झाला, तिच्याच नावाने अमेरिकन माणूस पुढे संतापू का लागला, हे समजून घेण्याजोगे आहे. आपल्याही दाराशी आता तीच पद्धत येऊन उभी राहिली आहे.

वाळवंटातील बारा खाटा

या व्यवस्थेचा पाया घातला गेला तो एका वाळवंटात. १९३३ साली कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजलिसकडे नेणारा प्रचंड कालवा खोदण्याचे काम चालू होते. हजारो मजूर मोजाव्हीच्या उन्हात बोगदे फोडीत होते. नुकतेच शिक्षण पुरे केलेले सिडनी गारफिल्ड नावाचे तरुण डॉक्टर तेथे गेले आणि कर्ज काढून डेझर्ट सेंटर या वस्तीजवळ त्यांनी बारा खाटांचे इस्पितळ बांधले. काम भरपूर होते. परंतु पैसा मिळेना. विमा कंपन्या बिले अडवून ठेवीत. गंभीर जखमी मजुराला त्या सरळ लॉस एंजलिसला हलवीत आणि मोठी रक्कम तेथील इस्पितळाला जाई. काही महिन्यांतच डॉक्टरांवर इस्पितळ बंद करण्याची पाळी आली.

तेव्हा विमा कंपनीतील एका अधिकाऱ्याने एक तोड सुचवली. प्रत्येक मजुरामागे दररोज पाच सेंट कंपनीने डॉक्टरांना आगाऊ द्यावे आणि त्या बदल्यात कामावर होणाऱ्या सर्व इजांवर डॉक्टरांनी उपचार करावेत. कामाबाहेरच्या दुखण्यासाठी मजुराने इच्छा असल्यास आणखी पाच सेंट स्वतः भरावेत. गारफिल्ड यांनी ते मान्य केले आणि इस्पितळ तरले.

या पाच सेंटांनी डॉक्टरांची दृष्टीच बदलून टाकली. पूर्वी जखमी माणूस दारात आला की मिळकत होई. आता तो आला की खर्च होऊ लागला. मजूर धडधाकट राहण्यातच डॉक्टरांचे हित आले. मग ते स्वतः कामाच्या जागी जाऊ लागले. पायात खिळे घुसून येणारे रुग्ण वाढले की ते फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घेण्यास सांगत. बोगद्यात दगड कोसळून डोकी फुटू लागली की छताला धिरे लावण्याचा आग्रह धरत. ज्या डॉक्टरची कमाई रोगावर अवलंबून असते त्याला अशी खिळ्यांची चिंता करण्याचे कारण पडत नाही. व्यवस्थापित आरोग्यसेवेतील जे काही उत्तम आहे ते या एका चित्रात सामावलेले आहे.

पुढे १९३८ साली ग्रँड कुली धरणावर हेन्री कायझर या उद्योगपतीने गारफिल्ड यांना बोलावले. तेथे मजुरांच्या कुटुंबीयांनाही योजनेत घेतले गेले. दुसऱ्या महायुद्धात कायझर यांच्या रिचमंड येथील जहाजबांधणी कारखान्यात हजारो स्त्रीपुरुष राबत होते. त्यांच्यासाठीही हीच योजना राबवली गेली. आपली आई योग्य उपचारांअभावी गेली अशी कायझर यांची समजूत होती आणि ते शल्य त्यांना आयुष्यभर बोचत राहिले. युद्ध संपताच कारखाने रिकामे झाले. तेव्हा १९४५ साली ही योजना सर्वसामान्य जनतेला खुली करण्यात आली. ‘कायझर पर्मनंटे’ या नावाने ती आजही चालू आहे व तिचे सभासद एक कोटीहून अधिक आहेत.

याच सुमारास असे प्रयोग इतरत्रही झाले. १९२९ साली डॅलसच्या बेलर इस्पितळाने शाळाशिक्षकांकडून महिना ५० सेंट घेऊन वर्षाला २१ दिवसांच्या इस्पितळवासाची हमी दिली. त्यातून पुढे ‘ब्लू क्रॉस’ विमा निघाला. त्याच वर्षी ओक्लाहोमातील एल्क सिटी येथे डॉ. मायकेल शदीद यांनी शेतकऱ्यांचे सहकारी इस्पितळ उभे केले. मात्र डॉक्टरांच्या संघटनांना हे रुचले नाही. डॉक्टर पगारी नोकर होईल, रुग्ण व डॉक्टर यांच्यामध्ये तिसरा कोणी येईल, असा त्यांचा आक्षेप होता. अशा योजनांत काम करणाऱ्या डॉक्टरांना संघटनेची दारे बंद होऊ लागली. अखेर वॉशिंग्टन येथील एका सहकारी योजनेची कोंडी केल्याबद्दल अमेरिकन मेडिकल असोसिएशनला न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. संघटनेचे वर्तन निंद्य होते. परंतु तिसऱ्या माणसाबद्दलची तिची भीती अगदीच निराधार नव्हती, हे पुढे दिसून आले.

नवे नाव, नवा धनी

१९६५ साली वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ व गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना आल्या. लक्षावधी लोकांना प्रथमच उपचारांचे दार उघडले. परंतु डॉक्टर व इस्पितळे जेवढे बिल लावतील तेवढे चुकते करण्याची रीत कायम राहिल्याने खर्च भराभर वाढू लागला. याच काळात मिनेसोटातील डॉ. पॉल एलवुड यांना एक विसंगती बोचत होती. ते मुलांच्या मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करीत. रुग्ण लवकर बरा करून घरी धाडला तर इस्पितळाचे नुकसान आणि खाटेवर ठेवला तर फायदा, हे त्यांना उलटे वाटे. आगाऊ ठरलेल्या वर्गणीत सर्व उपचार देणाऱ्या संस्थांना त्यांनी १९७० साली नवे नाव दिले: ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’, म्हणजे आरोग्य राखणारी संस्था, थोडक्यात एच.एम.ओ.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ही कल्पना उचलली. १८ फेब्रुवारी १९७१ रोजी त्यांनी काँग्रेसपुढे ती मांडली. आदल्या दिवशी त्यांच्या कार्यालयात झालेले एक संभाषण ध्वनिमुद्रित झालेले आहे. त्यात त्यांचे सल्लागार एर्लिकमन कायझरच्या योजनेचे मर्म त्यांना सांगतात. उपचार जितके कमी, तितकी कमाई अधिक, असा त्या बोलण्याचा आशय आहे. गारफिल्ड यांना त्या पाच सेंटांत खिळे ठोकण्याची प्रेरणा दिसली होती. येथे दिसली ती उपचार आखडण्याची. नाणे एकच, बाजू दोन. २९ डिसेंबर १९७३ रोजी एच.एम.ओ. कायदा झाला. अशा संस्थांना सरकारी अनुदान व कर्जे मिळू लागली आणि पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या मालकांनी, आपल्या भागात अशी संस्था असल्यास, नोकरांना तिचा पर्याय देणे बंधनकारक झाले.

पुढे रेगन यांच्या कारकिर्दीत सरकारी मदत थांबली आणि तिची जागा भांडवल बाजाराने घेतली. प्रारंभीच्या योजना बहुतांशी सेवाभावी, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या होत्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक सभासद नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांकडे होते. या कंपन्यांच्या हिशेबवहीतील एक शब्द फार बोलका आहे. वर्गणीपैकी रुग्णांच्या उपचारांवर जो भाग खर्च होतो त्याला तेथे ‘मेडिकल लॉस’ म्हणतात, म्हणजे वैद्यकीय नुकसान! ज्या कामासाठी वर्गणी घेतली तेच काम पार पाडणे नुकसानीच्या रकान्यात जाऊन बसले.

खर्च खरोखर वाचला काय?

या व्यवस्थेने खर्च वाचवला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने एक मोठा प्रयोग केला. त्यात सिअॅटलमधील काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने एका सहकारी एच.एम.ओ.कडे सोपवले होते. नेहमीच्या मोफत उपचारांच्या तुलनेत त्यांच्यावरील खर्च सुमारे २८ टक्के कमी झाला. इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के घटले आणि सर्वसाधारण माणसाच्या प्रकृतीत फरक पडला नाही. याचा अर्थ असा की पूर्वी पुष्कळ माणसे कारण नसताना खाटेवर निजवली जात होती. परंतु त्याच प्रयोगात एक काळी किनार आढळली. जे मुळात गरीब आणि आजारी होते, त्यांची प्रकृती एच.एम.ओ.त तुलनेने अधिक बिघडली. व्यवस्थेशी भांडण्याचे, पुन्हा पुन्हा फोन करण्याचे, आपले म्हणणे पटवण्याचे बळ ज्याच्यापाशी नसते, तो रांगेत मागे पडतो. हे केवळ अमेरिकेतच घडते असे नाही.

नोकरीतून मिळणाऱ्या विम्याचे हप्ते १९८९ साली एका वर्षात १८ टक्क्यांनी वाढले होते. मालकवर्ग हवालदिल झाला. १९८८ साली विमाधारक नोकरांपैकी ७३ टक्के जुन्या पद्धतीच्या योजनांत होते. १९९६ साली ते प्रमाण २७ टक्क्यांवर आले. बाकीचे व्यवस्थापित योजनांत गेले आणि त्या वर्षी हप्त्यांतील वाढ एक टक्क्याहूनही खाली उतरली. राष्ट्रीय उत्पन्नातील आरोग्यखर्चाचा वाटा १९९३ ते २००० या काळात १३ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. त्याआधीच्या तीस वर्षांत असे कधी घडले नव्हते.

दारावरचा द्वारपाल

ही बचत तीन मार्गांनी होई. पहिला मार्ग म्हणजे ठरावीक डॉक्टर व इस्पितळांशी कमी दराचे करार. त्यांच्या यादीबाहेर गेल्यास पैसे मिळत नसत. दुसरा म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरला द्वारपाल नेमणे. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नसे आणि अनेक ठिकाणी चिठ्ठ्या कमी देणाऱ्या द्वारपालाला वर्षअखेर बक्षिसी मिळे. तिसरा म्हणजे पूर्वपरवानगी. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरने कंपनीला फोन करायचा आणि रुग्णाला कधीही न पाहिलेल्या व्यक्तीने पलीकडून ‘हो’ वा ‘नाही’ म्हणायचे.

बाळंतिणीला चोवीस तासांत, कधी त्याहूनही लवकर, घरी धाडले जाऊ लागले तेव्हा लोकांचा बांध फुटला. आईच्या कुशीतील एक दिवसाच्या बाळाची कावीळ घरी कोण ओळखणार? अखेर १९९६ साली काँग्रेसला कायदा करावा लागला: नैसर्गिक प्रसूतीनंतर ४८ तास आणि शस्त्रक्रियेनंतर ९६ तासांच्या आत इस्पितळवासाचे पैसे विम्याने नाकारू नयेत. त्याच वर्षी मे महिन्यात डॉ. लिंडा पीनो यांनी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली. विमा कंपनीच्या सेवेत असताना, १९८७ साली, त्यांनी एका माणसाची शस्त्रक्रिया नाकारली होती. त्यात तो गेला. त्याबद्दल आपल्याला कोणी जाब विचारला नाही, उलट कंपनीचे पैसे वाचवल्यामुळे आपले भलेच झाले, असे त्यांनी सांगितले. ती साक्ष एखाद्या पापनिवेदनासारखी होती. फरक एवढाच की ती भर सभेत दिली गेली.

इलिनॉयमधील एका स्त्रीच्या पोटात १९९१ साली सूज आली. जवळच्या इस्पितळात त्वरित तपासणी करण्याऐवजी योजनेच्या स्वतःच्या, पन्नासहून अधिक मैल दूर असलेल्या केंद्रात आठ दिवसांनी सोनोग्राफी ठरवण्यात आली. तोवर तिचे अपेंडिक्स फुटले. या योजनेचे मालक बाहेरचे भांडवलदार नव्हते; डॉक्टरच होते व वर्षअखेरचा नफा त्यांनाच मिळे. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००० साली न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खर्च आवरणे व त्याबद्दल लाभ मिळणे हे एच.एम.ओ.च्या स्वरूपातच आहे. काँग्रेसने अशा संस्थांना सत्तावीस वर्षे उत्तेजन दिले आहे, तेव्हा न्यायालय त्यांवर घाव घालू शकत नाही. मालक डॉक्टर असला म्हणून मोह टळत नाही, हा या खटल्याचा धडा होय.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या, तीन मुलींच्या एका आईला डॉक्टरांनी अस्थिमज्जा-रोपणाचा उपचार सुचवला. तो प्रायोगिक आहे असे म्हणून कंपनीने पैसे नाकारले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निधी उभारून उपचार करवला. पण १९९३च्या एप्रिलमध्ये ती वारली. डिसेंबरात ज्यूरीने कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलरचा दंड ठोठावला. देशभर जल्लोष झाला, कंपन्या घाबरल्या आणि पुढे हजारो स्त्रियांना तो कष्टप्रद उपचार मिळाला. १९९९ साली पद्धतशीर चाचण्यांचे निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या औषधोपचारापेक्षा त्याचा अधिक उपयोग होत नाही असे दिसले. अनुकूल वाटलेली दक्षिण आफ्रिकेतील चाचणी तर २००० साली बनावट ठरली. म्हणजे ‘नाही’ हा शब्द येथे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हता. पण तो उच्चारणाऱ्याला त्या नकारात लाभ होता, म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. व्यवस्थापित आरोग्यसेवेचे सर्वात मोठे नुकसान पैशाचे नव्हते, विश्वासाचे होते.

धर्मभगिनींची इस्पितळे

या वादळात धर्मभगिनींच्या इस्पितळांचीही परीक्षा झाली. मोठ्या विमा कंपनीशी दराची घासाघीस करायची तर एकटे इस्पितळ दुबळे पडे. म्हणून कॅथलिक इस्पितळे एकत्र येऊन मोठ्या संस्था बनल्या. १९९६ साली कॅथलिक हेल्थ इनिशिएटिव्हज, १९९९ साली असेन्शन. जगण्यासाठी मोठे होणे भाग पडले. पण मोठ्या संस्थेत हिशेबनीसाचा आवाजही मोठा होतो, ही खंत अनेक भगिनींनी उघड बोलून दाखवली आहे. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी जानेवारी १९९५ मध्ये उद्योगपतींच्या सभेतच हा प्रश्न मांडला. आरोग्यसेवा ही बाजारातल्या इतर मालासारखी वस्तू नव्हे, ती मुळात सेवा आहे, म्हणून ना-नफा इस्पितळे टिकली पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी त्यांना कर्करोगाने गाठले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत ‘गुड समॅरिटन’ नावाची इस्पितळे अनेक गावांत आहेत. दाखल्यातील त्या शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत नेले आणि निघताना मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवली. तेही आगाऊ पैसेच होते! पण तो तेवढ्यावर थांबला नाही. अधिक खर्च झाला तर परतताना तोही देईन, असे वचन देऊन तो गेला. धर्मभगिनींच्या तिकिटामागे असेच वचन होते. ते वचन गळून पडले की उरतो तो केवळ सौदा.

आजची स्थिती

लोकक्षोभामुळे २००० सालाच्या सुमारास कंपन्यांनी बंधने सैल केली आणि खर्च पुन्हा उसळला. २००३ साली हप्ते सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. रुग्णांच्या हक्कांचा कायदा २००१ साली दोन्ही सभागृहांत वेगवेगळ्या स्वरूपात संमत झाला. पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि तो बारगळला. २०१० सालच्या कायद्याने मात्र दोन चांगल्या गोष्टी केल्या. वर्गणीचा ८० ते ८५ टक्के भाग प्रामुख्याने उपचारांवर खर्च करणे कंपन्यांना बंधनकारक झाले आणि नकाराविरुद्ध बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडे दाद मागण्याचा हक्क मिळाला.

तरीही प्रश्न सुटला आहे असे नाही. मेडिकेअरचे निम्म्याहून अधिक वृद्ध सभासद २०२३ पर्यंत खासगी व्यवस्थापित योजनांत गेले होते. या योजनांनी नाकारलेल्या पूर्वपरवानग्यांपैकी १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांनुसार मंजूर व्हायला हव्या होत्या, असे सरकारी तपासनिसांना २०२२ साली आढळले. आणि ज्या बचतीसाठी हा खटाटोप, तीही सरकारच्या पदरी पडली नाही. २०२४ साली याच वृद्धांना जुन्या योजनेत ठेवले असते त्यापेक्षा सुमारे २२ टक्के अधिक खर्च सरकारला येईल, असा काँग्रेसच्या सल्लागार मंडळाचा अंदाज होता.

आपल्याकडे २००१ साली विमा नियामक प्राधिकरणाने ‘टीपीए’ म्हणजे त्रयस्थ प्रशासकांसाठी नियम केले आणि ‘कॅशलेस’ हा शब्द घरोघरी पोचला. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गरिबांसाठी सुरू केलेल्या व पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिलेल्या जनआरोग्य योजनेतही उपचारांपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून ‘अप्रूव्हल आले का?’ असे विचारणारी माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. या योजनांनी कित्येक घरे कर्जातून वाचवली, हे खरे आहे. म्हणूनच त्या नाकारण्याचा प्रश्न नाही. जागे राहण्याचा आहे. कागद मागून घ्यावा, नकार लेखी घ्यावा, त्यामागचे कारण विचारावे, वरती दाद मागावी. आणि ज्याला हे जमत नाही अशा शेजाऱ्यासोबत आपण बाकावर बसावे. सिअॅटलच्या त्या प्रयोगात गरीब आजारी माणसापाशी नेमके हेच कोणी नव्हते.

डॉ. गारफिल्ड पाच सेंट घेऊन उघड्या खिळ्यांच्या शोधात निघाले होते. आपल्या वर्गणीचे पाच सेंट आज ज्याच्या हाती आहेत तो कशाच्या शोधात आहे, हे विचारण्याचा हक्क वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.